प्रोटॉन प्रतिमांकन

कर्करोगाच्या गाठीवर जे प्रोटॉन (अणुगर्भातले धनभारित कण) सोडायचे, तेच आधी जास्त ऊर्जेने शरीराच्या आरपार काढून आतले चित्र मिळवण्याचे तंत्र. हेतू एकच : उपचाराचा कण नेमका किती खोल जाऊन थांबेल, हे ताडणे.

मराठवाड्यात रुग्ण ज्याला ‘शेक’ म्हणतात, तो सहसा क्ष-किरणांचा किंवा कोबाल्टचा असतो. हे किरण गाठीतून पलीकडे निघून जातात. प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर थांबतो आणि थांबण्याआधी सर्वाधिक ऊर्जा तिथेच टाकतो. या टोकाला ब्रॅग शिखर म्हणतात. उपचारासाठी त्याचा उपयोग भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये सुचवला.

अडचण खोलीच्या हिशेबात आहे. नियोजन सीटी स्कॅनवरून होते, पण सीटी मोजते क्ष-किरणांचे शोषण. त्यावरून प्रोटॉन किती अडेल हे कोष्टकाने काढतात. त्यात साधारण ३.५ टक्के चूक धरली, तर २० सेंमी खोलीवर ७ मिमी इकडेतिकडे. गाठीभोवती तेवढी जास्तीची कड ठेवावी लागते आणि निरोगी भाग विनाकारण भाजतो. शेजारच्या बोअरला दोनशे फुटांवर पाणी लागले म्हणून आपल्यालाही तितक्यावरच लागेल, असा हा प्रकार. खरे काय ते आपल्या रानात रॉड उतरल्यावरच कळते. प्रोटॉन सीटी हा रॉड उतरवते : प्रत्येक कण कुठून शिरला, कुठून निघाला आणि किती ऊर्जा गमावून बसला, हे मोजते. चूक १ टक्क्याच्या आसपास आणण्याचा प्रयत्न आहे. दातात भरलेल्या धातूमुळे सीटीवर उठणारे पट्टेही यात कमी त्रास देतात. तंबाखूने तोंडाचे कर्करोग वाढवलेल्या या भागात ही बाब किरकोळ नाही.

कल्पना जुनी आहे. सीटीच्या जनकांपैकी एक, ॲलन कॉरमॅक यांनी १९६३ मध्येच ती मांडली होती. पण प्रोटॉन ऊतींत वाकडातिकडा जातो, म्हणून चित्र धूसर येते. लाखो कण एकेक करून टिपावे लागतात, आणि सुमारे २३० एमईव्हीचा (हे कणाची ऊर्जा मोजण्याचे एकक) कण डोक्यातून पार होतो, जाड कमरेतून आडवा पार होत नाही. त्यामुळे तंत्र अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे.

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून चालू आहे. प्रोटॉन उपचारासाठी मात्र खारघर गाठावे लागते. तिथल्या टाटा स्मारकाच्या केंद्रात तो २०२३ मध्ये सुरू झाला. तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण उपचाराच्या सहा-सात आठवड्यांत वाळतो, गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवलेला साचा गालाशी सैल पडतो आणि पहिल्या दिवशीची खोली उरत नाही. अशा वेळी उपचाराच्या टेबलावरच, अगदी कमी मात्रेत काढलेले एक प्रोटॉन चित्र फरक दाखवू शकेल.