ऑटिस्टिक मुलांची ‘पोपटपंची’ खरंच निरर्थक असते का?

ऑटिस्टिक (स्वमग्न) मूल ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हणालं की घरचे हळहळतात: ‘कळत काही नाही, नुसती पोपटपंची!’ हा समज चुकीचा आहे. गंमत म्हणजे, तो खोडणारा पुरावा ऑटिझमच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींतच आहे.

१९४०च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ डॉ. लिओ कॅनर यांनी एका मुलाबद्दल लिहिलं. तो मधूनच म्हणे, ‘कुत्र्याला बाल्कनीतून टाकू नकोस.’ आसपास ना कुत्रा, ना बाल्कनी! चौकशीत उलगडा झाला. लंडनच्या हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा सारखा खाली टाकायचा आणि वैतागलेली आई त्याला हेच बजावायची. पुढे काही फेकावंसं वाटलं की तो त्याच शब्दांत स्वतःला दटावायचा. याला निरर्थक कसं म्हणायचं?

ऐकलेलं असं पुन्हा म्हणण्याला इकोलेलिया म्हणतात. १९८१मध्ये वाचा-भाषातज्ज्ञ बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी चार मुलांच्या चित्रफिती बारकाईने पाहिल्या. लगेच केलेल्या पुनरुच्चाराचे त्यांना ७ उपयोग दिसले: होकार देणं, मागणं, बोलण्यातली आपली पाळी घेणं वगैरे. प्रत्येक पुनरुच्चारात निरोप असतोच असं मात्र नाही. काही वेळा तो केवळ स्वतःला शांत करण्यासाठी असतो.

आपल्याकडे आई विचारते, ‘पाणी हवंय का तुला?’ मूलही म्हणतं, ‘पाणी हवंय का तुला?’ बऱ्याचदा तो सरळ ‘हो’ असतो. अशा वेळी ‘मला पाणी हवंय’ असं त्याच्या वतीने म्हणून पेला हातात द्यावा. ‘नीट बोल आधी’ म्हणत पाणी अडवून धरण्यात काय हशील?