‘फाइल आधीच आहे’ म्हणून लायब्ररीचं अपडेट अडतं तेव्हा

आर्च लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमवर सगळं सिस्टम अपडेट करायला घेतलं, डाउनलोड झालं, आणि शेवटी पॅकमन, म्हणजे तिथे सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम, म्हणतो अमुक फाइल आधीच डिस्कवर आहे, मी पुढे जाणार नाही. लोक घाबरतात, पण खरं तर यावेळी काहीच बिघडलेलं नसतं, कारण पॅकमन ही तपासणी एकही फाइल बदलायच्या आधी करतो.

जुलै 2018 मध्ये लिबयूटीएफ८प्रॉक या लायब्ररीचं, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशा तयार कोडचं, असंच झालं. युनिकोड मजकूर हाताळणारी ही छोटी लायब्ररी, म्हणजे आपली जोडाक्षरंसुद्धा हिच्या कामात येतात. प्रोग्राम लायब्ररी शोधतो ती तिच्या पूर्ण व्हर्जनच्या नावाने नाही, शेवटी ‘.एसओ.२’ असलेल्या छोट्या नावाने, आणि ते नाव म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी एक लिंक असते. जुन्या पॅकेजमध्ये ही लिंक चुकीची होती, मग एलडीकॉन्फिग या लायब्ररींच्या लिंका जुळवणाऱ्या सिस्टमच्या प्रोग्रामने लायब्ररीच्या आत लिहिलेलं नाव वाचून बरोबर लिंक स्वतःच बनवून टाकली. काम चालू राहिलं, पण पॅकमनच्या दप्तरी तिची नोंदच नाही, सातबाऱ्यावर नाव नसलेलं झोपडं असावं तसं. नव्या पॅकेजने तीच लिंक आणली आणि दोघांची टक्कर झाली.

अशावेळी आधी पॅकमनलाच विचारायचं की ही फाइल कोणाची, त्यासाठी क्यूओ हा पर्याय आहे. दुसऱ्या पॅकेजची निघाली तर ती पॅकेजिंगची चूक, बग नोंदवा. कोणाचीच नसेल तर बहुतेक वेळा ती पिप किंवा मेक इन्स्टॉल या पॅकमनला वळसा घालून सॉफ्टवेअर बसवणाऱ्या कमांड सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, चालवल्यामुळे आलेली असते, तिचं नाव बदलून ठेवा आणि अपडेट परत चालवा. २०१८ च्या त्या प्रकरणात आर्चवाल्यांनी पॅकमनचा ओव्हरराइट, म्हणजे असलेल्या फाइलवर नवी लिहिण्याचा, पर्याय वापरायला सांगितलं, तेही फक्त त्या एका लिंकचा पत्ता देऊन.

पत्ता देणं मला फार महत्त्वाचं वाटतं. आधी फोर्स नावाचा पर्याय होता, तो सरसकट सगळंच दडपून पुढे जायचा. 2012 मध्ये जीलिबसीच्या, म्हणजे जवळपास सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात त्या मूळ लायब्ररीच्या, अपडेटने लिब ही डिरेक्टरी काढून तिथे लिंक ठेवली, तेव्हा वापरू नका असं स्पष्ट सांगूनही काहींनी फोर्स वापरला, आणि मग प्रोग्राम सुरू करून देणारा लोडरच सापडेना, फाइलींची यादी दाखवणारी साधी एलएस कमांड पण चालेना, लाइव्ह सीडीवरून बूट करून दुरुस्ती करायची वेळ आली.

एप्रिल 2020 मध्ये एनएसएस या सुरक्षित कनेक्शनसाठीच्या लायब्ररीच्या पॅकेजमध्येही लिंक राहून गेली होती, तिथेही एलडीकॉन्फिगनेच बनवलेल्या फाइली आड आल्या, आणि उपाय तोच, नेमक्या त्या फाइलींपुरता ओव्हरराइट.