फिन बसते म्हणून फॉइल पेलेल असं नाही: साधा डीप टटल बॉक्स आणि फॉइलसाठीचा बॉक्स

विंडसर्फिंगवाल्यांमध्ये दर काही दिवसांनी कोणीतरी विचारतंच, माझ्या जुन्या स्लालम बोर्डाला डीप टटल आहे, त्यात फॉइल बसेल ना? आणि चार जण लगेच सांगतात, बसेल की, दोन बोल्ट आवळ आणि जा पाण्यात. (नवख्यांसाठी: स्लालम म्हणजे वेगाचा शिडाचा बोर्ड. डीप टटल म्हणजे त्याच्या तळातली खोल निमुळती खाच, म्हणजेच बॉक्स, ज्यात फिन, म्हणजे बोर्ड सरळ ठेवणारं पातं, दोन बोल्टनी बसतं. फॉइल म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला पंख, जो वेग आला की अख्खा बोर्ड पाण्याबाहेर उचलतो.) बसतंच, त्याबद्दल वाद नाही. पण बसणं वेगळं आणि पेलणं वेगळं, आणि हे दोन एकच समजून लोकांनी चांगले चांगले बोर्ड फोडलेत, त्यामुळे एकदा नीट लिहितोच.

फिनचं काम तुम्हाला माहितीये, फार बोलत नाही. ती आडवा जोर घेते, बॉक्सच्या लांब सपाट भिंतींवर रेटते, आणि उभा भार तिच्यावर जवळजवळ नसतोच कारण बोर्डाला पाणी उचलून धरत असतं.

फॉइलवर बोर्ड पाण्याबाहेर आला की पाणी बोर्डाला शिवतही नाही. तुमचं वजन, बोर्ड, शीड, सगळं मिळून समजा 95 किलो, हा सगळा भार फॉइलच्या मुंडीवर, म्हणजे बॉक्समध्ये जाणाऱ्या भागावर. आता टटलच्या मुंडीचा आकार आठवा. पुढून-मागून निमुळती, वर अरुंद, खाली रुंद. म्हणजे सरळ सरळ पाचर! फिनच्या बाबतीत ही पाचर बोल्टने आवळली तेवढीच आत जाते. फॉइल मात्र तिला खालून सतत वर ठोकत राहतं, प्रत्येक लाटेला, प्रत्येक वेळी बोर्ड आपटून परत उचलला जातो तेव्हा. लाकडात पाचर ठोकल्यावर जे होतं तेच बॉक्सच्या दोन टोकांना होतं.

त्यात तरफ आणखी वेगळी. फॉइलचा मास्ट (शिडाचा नव्हे, खालचा) 85 सेंमी धरा आणि बॉक्स जेमतेम 12 सेंमी लांब. खाली पंखाला मागे ओढणारा 10 किलोचा जोर लागला तर ढोबळमानाने बॉक्सच्या टोकांवर 70 किलोच्या आसपास पडतो, आणि पंख वाळूत रुतला की किती पडत असेल ते तुम्हीच बघा.

फॉइलसाठी केलेल्या बॉक्समध्ये भोक बाहेरून तसंच दिसतं, म्हणून तर घोळ होतो. फरक आत असतो. भिंती जाड, भोवती घट्ट फोम, बॉक्स तळ आणि डेक (बोर्डाची वरची बाजू) दोन्हींना पक्का बांधलेला, आणि मुंडीचा सपाट माथा बॉक्सच्या छताला टेकेल असं माप, म्हणजे वर जाणारा रेटा फक्त पाचरीच्या पुढच्या-मागच्या उतारांवर न येता छतावरही जातो. जुन्या फिन बॉक्समध्ये पुष्कळदा माथ्यावर फट राहते आणि फिनला त्याने काही फरक पडत नाही.

ती फट तपासणं सोपं आहे, तरी कोणी करत नाही याचा मला खरंच त्रास होतो. मुंडीच्या माथ्यावर वाटाण्याएवढी क्लेची गोळी ठेवा, बोल्ट नेहमीसारखे आवळा, परत काढा. गोळी कागदासारखी चपटी झाली तर माथा टेकतोय. दोन-तीन मिलिमीटर जाड राहिली तर सगळा भार उतारांवर आहे, तिथे कडक फायबरची बरोब्बर मापाची पट्टी घालायची. मुंडी सैल आहे म्हणून इलेक्ट्रिकल टेप गुंडाळणं फिनला चालतं, फॉइलला कृपा करून नको, टेप दबतो आणि अर्ध्या तासात मुंडी खडखडायला लागते.

माझ्या एका स्लालम बोर्डाला मी हे काहीच न बघता फॉइल लावलं होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी डेकवर बोल्टच्या भोकाजवळ केसाएवढी रेष दिसली, वाटलं रंग उडालाय. अंगठ्याने दाबलं तर तिथून पाण्याचा थेंब वर आला. त्यामुळे आता प्रत्येक वेळी बाहेर आल्यावर आधी तिथेच अंगठा फिरवतो.

बाकीचं पटकन. फिनच्या बॉक्सचे आणखी दोन प्रकार, यूएस बॉक्स आणि एका बोल्टचा पॉवर बॉक्स, दोन्हींना माझ्याकडून नाही. डॅगरबोर्डच्या (बोर्डाच्या मधोमध खाली सोडायचं पातं) खाचेत फॉइल घालायचा विचारही नको. 90 मिमी अंतराचे दोन ट्रॅक (तळातल्या समांतर खाचा, त्यांवर फॉइलची पट्टी बोल्टने बसते) मूळचे फॉइलचेच, पण जुन्या बोर्डात बसवताना नुसती खाच पाडून चिकटवू नका, तळापासून डेकपर्यंत जाणारा घट्ट फोमचा ठोकळा हवाच.

जुनाच बोर्ड वापरायचा असेल तर माझी पसंती फॉर्म्युला बोर्डाला, म्हणजे शर्यतीच्या रुंद बोर्डाला. जवळपास मीटरभर रुंद, आणि त्याचा बॉक्स 70 सेंमीच्या फिनसाठी केलेला, त्यामुळे मुळातच दणकट. तरीही क्लेची गोळी आधी, पाणी नंतर. आणि बॉक्सला एकदा तडा गेलेला असेल तर वरवर इपॉक्सी लिंपत बसू नका, अख्खा बॉक्स काढून फॉइलचा बॉक्स बसवून घ्या.