पेकिंग डक टेबलाशेजारीच का कापतात

मोठ्या चिनी रेस्तराँत पेकिंग डक मागवलं की अख्खं बदक ढकलगाडीवरून टेबलाशी येतं आणि आचारी ते समोर उभं राहून कापतो. अनेकांना हा नुसता थाट वाटतो. खरं कारण वाफेचं आहे. भट्टीतून निघालेल्या बदकाची कातडी काही मिनिटंच कुरकुरीत असते. मग मांसातली वाफ वर येऊन तिला मऊ करते. या पदार्थात पैसे मोजायचे ते कातडीचे, आणि त्याचा सगळा इतिहास तिच्याभोवतीच फिरतो.

मिंग राजवटीने १४२१ मध्ये राजधानी नानजिंगहून बीजिंगला, म्हणजे जुन्या पेकिंगला नेली. बदक भाजण्याची दक्षिणेतली कला तिच्याबरोबर उत्तरेत आली, असं सांगतात. ब्येनयीफांग हे बीजिंगमधलं भाजलेल्या बदकाचं जुनं रेस्तराँ आपली स्थापना १४१६ ची मानतं. त्यांची भट्टी बंद तोंडाची. पूर्वी आत ज्वारीची धाटं जाळून भिंती तापवत, मग बदक टांगून दार लावत. ज्वाळा बदकाला लागतच नाही, भिंतींच्या धगीवर ते शिजतं. त्यामुळे मांस रसदार राहतं. मात्र मध्येच दार उघडता येत नाही, म्हणून सुरुवातीची धग चुकली की सुधारायला वाव नाही.

१८६४ मध्ये कोंबड्या-बदकं विकणाऱ्या यांग छ्वानरेन यांनी बीजिंगच्या छ्येनमेन भागातलं सुक्या फळांचं बुडीत दुकान घेतलं. त्याचं नाव होतं द-जू-छ्वान. त्यांनी अक्षरं उलटी केली आणि छ्वान-जू-द झालं. त्यांची भट्टी उघड्या तोंडाची. खजुरासारखी दिसणारी चिनी बोरं, पेअर, पीच अशा फळझाडांचं लाकूड जळतं; त्याला धूर कमी आणि वास हलका. आचारी लांब काठीने बदक फिरवत राहतो. आज जगभर पेकिंग डक म्हणून मिळतं ते बहुधा याच पद्धतीचं. २००८ मध्ये चीनने दोन्ही पद्धती राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्या.

भाजण्याआधीची तयारी भाजण्याहून लांब चालते. पांढऱ्या पिसांचं, भरवून पुष्ट केलेलं बदक घेतात. मानेजवळच्या छेदातून कातडी आणि मांस यांच्यामध्ये हवा भरतात. आतडी पंखाखालच्या छोट्या छेदातून काढतात, म्हणजे बाकी कातडी अखंड राहते. ती कुठे फाटली तर हवा निसटते, सुरकुत्या पडतात आणि त्या जागी चरबी अडकते. मग वरून उकळतं पाणी ओततात, कातडी ताणली जाते. त्यावर माल्टोजचा (धान्यापासून केलेल्या साखरेचा) पातळ पाक लावून बदक वाऱ्याला टांगतात. नवखा माणूस बहुधा इथेच फसतो. पाक जाड झाला तर चरबी वितळण्याआधीच कातडी काळी पडते, कुठे कमी लागला तर तिथे पांढरट डाग राहतो आणि वाळवण अपुरं झालं तर कातडी चिवट होते. मुंबईच्या पावसाळी हवेत उघड्यावर ती वाळणं अवघडच. थंड, कोरड्या हवेचं कपाट लागतं. शेवटी शेपटीकडचं भोक धाटाने बंद करून पोटात पाणी भरतात. बाहेरून भाजत असताना आत वाफेवर शिजतं. साधारण पाऊण तास ते तासभर लागतो.

छ्वानजूदची ख्याती १०८ कापांची, प्रत्येक कापात कातडीही आणि मांसही. छातीवरची नुसती कातडी आधी साखरेत बुडवून खावी. मग पोळी. ही पातळ पोळी मध्ये तेल लावून दोन-दोन एकत्र लाटतात आणि भाजल्यावर पदर सोडवतात, आमरसाबरोबरच्या दुपडी रोटीसारख्या. तिच्यावर थोडा सॉस, पातीच्या कांद्याचे आणि काकडीचे लांब तुकडे, चार-पाच काप, आणि गुंडाळी. बीजिंगचा सॉस आंबवलेल्या गव्हाच्या पिठाचा असतो. बाहेर बऱ्याच ठिकाणी होइसिन देतात. ते सोयाबीनचं, जास्त गोड आणि मसाल्याचं. भरपूर माखलं तर बदकाची चवच हरवते.

जुलै १९७१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर गुप्तपणे बीजिंगला गेले, तेव्हा चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी त्यांना जेवायला हेच बदक दिलं. परदेशी पाहुण्यांच्या मेजवानीत त्याचं स्थान तेव्हाच पक्कं होतं. मुंबईची वाट वेगळी. ताजमहाल हॉटेलातलं गोल्डन ड्रॅगन १९७३ मध्ये सुरू झालं ते चीनच्या सिचुआन प्रांतातल्या झणझणीत पदार्थांसाठी, आणि उंची चिनी जेवण म्हणजे तिखट हे समीकरण आपल्याकडे रुजलं. बदकाचा सौम्यपणा म्हणूनच पहिल्या घासाला फिका वाटतो.

एक बदक तीन-चार जणांना पुरतं. आदल्या दिवशीच सांगून ठेवावं, आणि सांगताना सांगाड्याचं काय करणार तेही विचारावं. मोठ्या आचेवर खळखळ उकळला की चरबी पाण्यात मिसळून दुधासारखं पांढरं सूप होतं. मंद आचेवर ते तसं होत नाही.