मारिओच्या ढगांमागची काटकसर

मारिओ खेळताना वरचे ढग आणि खालची झुडपं कधी निरखून पाहिलीत? आकार अगदी तोच, रंग तेवढा वेगळा. 1985 साली आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा गेम 40 किलोबाइटांत बसवलेला होता. व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येणारा 'सुप्रभात'चा फोटोसुद्धा बहुधा त्याहून जड असतो.

हा गेम ज्यावर चालायचा तो निन्टेंडो या जपानी कंपनीचा फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये 14,800 येनला बाजारात आला. तो घडवला मासायुकी उएमुरा यांनी. मेमरी तेव्हा महाग, म्हणून चित्रासाठी दिली फक्त 2 किलोबाइट. पडदा 256 बाय 240 पिक्सेलचा. प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा नोंदवायचा, तर चारच रंग धरूनही 15 किलोबाइट लागतात! मग आर्केड यंत्रांतली, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या गेम-यंत्रांतली जुनी युक्ती कामी आली. पडद्याचे 8 बाय 8 पिक्सेलचे 960 चौकोन पाडायचे, चित्रांचे तयार तुकडे कॅसेटमधल्या चिपमध्ये ठेवायचे आणि कुठल्या चौकोनात कितवा तुकडा, एवढंच यंत्राने लक्षात ठेवायचं. प्रत्येक चौकोनाला एक बाइट, अख्ख्या पडद्याच्या रंगांसाठी आणखी 64 बाइट. एका किलोबाइटात पडदा भरला. तोच तुकडा हिरवा केला की झुडूप, पांढरा केला की ढग.

हलत्या चित्रांचं गणित आणखी कडक. एका आडव्या रेषेत असे आठच हलते तुकडे दिसायचे, नववा गायब. प्रोग्रामर मग दर फ्रेमला, म्हणजे पडदा नव्याने रंगवताना दर वेळी, या तुकड्यांचा क्रम फिरवत, म्हणजे कुणी एकच कायमचा नाहीसा न होता सगळेच आळीपाळीने लुकलुकत. गर्दी झाली की शत्रू फडफडायचे, ते यामुळे.

अमेरिकेत 1983 नंतर व्हिडिओ गेमचा धंदा बसला होता, दुकानदार नाव काढू देत नव्हते. म्हणून 1985 मध्ये न्यूयॉर्कमध्ये हे यंत्र 'एंटरटेनमेंट सिस्टम' या नावाने, सोबत खेळण्यातला रोबो देऊन विकलं गेलं. रोबो लवकरच विस्मरणात गेला. यंत्रं मात्र जगभरात 6 कोटी 19 लाखांच्या घरात खपली.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे बहुतेकांच्या हाती पडली ती त्याची स्वस्त नक्कल. कॅसेटवर '9999 इन 1' छापलेलं, आत मोजकेच गेम नावं बदलून पुन्हापुन्हा. कॅसेट लागली नाही की जो तो फुंकर मारायचा. खरं काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, पिना नीट टेकल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या गंजायच्या, एवढंच.