भीमेचा गाळ आणि हंसलदीवीची तिवरं

सोलापूरकराला समुद्र बघायचा झाला की गाडी पश्चिमेला निघते. गणपतीपुळे, रत्नागिरी, फार तर गोवा. आपलं पाणी मात्र उलट्या वाटेनं जातं. हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते, भीमा पुढे रायचूरजवळ कृष्णेत शिरते आणि कृष्णा श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा करत हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात उतरते. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पावसावर जगणाऱ्या आपल्या जिल्ह्याचा किनारा खरं तर तिथे, आंध्रात आहे.

कृष्णेचं खोरं सुमारे 2 लाख 59 हजार चौरस किलोमीटरचं. त्यातला चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग एकट्या भीमेचा. हजारो वर्षं भीमेनं दख्खनची काळी माती खाली वाहून नेली आणि कृष्णेच्या मुखाशी पसरली. त्या गाळावर भातशेती आली, गावं वसली आणि अगदी कडेला, जिथं दिवसातून दोनदा खारं पाणी चढतं-उतरतं, तिथं कांदळवन उभं राहिलं. कोकणात ज्याला खारफुटी म्हणतात तेच. तिवर, कांदळ, चिप्पी ही त्यातली ओळखीची झाडं.

या त्रिभुज प्रदेशात कृष्णेच्या फाट्यांमध्ये दिवीसीमा नावाचा सखल टापू आहे. 19 नोव्हेंबर 1977 रोजी तिथं चक्रीवादळ धडकलं. वादळानं ढकललेलं समुद्राचं पाणी सुमारे 5 मीटर उंचीनं जमिनीवर चढलं आणि कित्येक किलोमीटर आत घुसलं. किमान 10 हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक वाऱ्यानं नाही, पाण्यानं गेली.

हे पाणी चढतं कसं? चक्रीवादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो आणि दाब 1 हेक्टोपास्कलनं उतरला की समुद्राची पातळी साधारण 1 सेंटीमीटरनं वर येते. म्हणजे अगदी भीषण वादळातही या कारणानं पाणी मीटरभराच्या आतच वाढेल. उरलेलं काम वाऱ्याचं. तासन् तास एकाच दिशेनं वाहणारा वारा समुद्राचा वरचा थर किनाऱ्याकडे रेटत राहतो. समुद्र खोल असेल तर ते पाणी खालून परत फिरतं. बंगालच्या उपसागराचा उत्तर आणि पश्चिम काठ बराच उथळ आहे, तिथं परत फिरायला जागा नसते, म्हणून ते जमिनीवर चढतं. त्यात भरतीची वेळ साधली गेली तर विचारायलाच नको. चढलेल्या पाण्याच्या या फुगवट्याच्या पाठीवर पुन्हा वाऱ्यानं उठलेल्या लाटा असतात. फुगवटा आणि लाटा हे दोन वेगळे शत्रू आहेत आणि कांदळवन दोघांशी वेगवेगळ्या ताकदीनं लढतं. वर्तमानपत्रातल्या बातम्यांत ही गल्लत नेहमी होते.

लाटांशी ते फार चांगलं लढतं. 100 मीटर रुंदीच्या कांदळवनातून जाताना लाटेची उंची 13 ते 66 टक्क्यांनी घटते, असं निरनिराळ्या ठिकाणच्या मोजमापांतून दिसलं आहे. आकड्यातली ही तफावत झाडांच्या जातीनं, दाटीनं आणि पाण्याच्या खोलीनं पडते. कांदळाची आधारमुळं खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात, तिवराची श्वसनमुळं चिखलातून खुंट्यांसारखी वर येतात. पाणी उथळ असेल तर लाट या मुळांच्या जाळ्यात अडकते. पाणी मुळांच्या वर गेलं तर मधल्या उघड्या खोडांमधून ती बऱ्यापैकी सुटते आणि आणखी वर चढलं तर फांद्यापानांत पुन्हा अडते. भीमाकाठच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पुराचं पाणी उसाच्या फडात शिरलं की त्याचा जोर मोडतो, ऊस आडवा होतो, पण ओसरताना पाणी तिथं गाळाचा थर ठेवून जातं. कांदळवनात हेच दिवसातून दोनदा, भरतीच्या तालावर घडतं. झाडं पाण्याचा वेग मोडतात, वेग मोडला की गाळ खाली बसतो, गाळ बसला की जमीन उंचावते आणि उंचावलेली जमीन पुढच्या वादळाला आणखी थोडं अडवते.

फुगवट्यापुढे मात्र झाडांचा हात आखडतो. कांदळवनाच्या प्रत्येक किलोमीटरमागे पाण्याची पातळी 5 ते 50 सेंटीमीटरनं उतरते. म्हणजे दिवीसीमेवर चढलं तसं 5 मीटर पाणी दमवायला झाडीचा पट्टा कित्येक किलोमीटर रुंद हवा. किनाऱ्यावर झाडांची एक रांग लावून फोटो काढणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. तरीही अर्धा मीटर ही थट्टा नाही. घरात पाणी छातीला लागणं आणि कमरेला लागणं यात जीव वाचण्या-जाण्याचा फरक असतो.

माणसं खरोखर वाचली का, याचा सगळ्यात काटेकोर हिशेब ओडिशात झाला. 29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळानंतर सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट या अर्थशास्त्रज्ञांनी केंद्रापाडा जिल्ह्यातल्या 409 गावांची माहिती तपासली. गाव समुद्रापासून किती लांब, किती उंचावर, लोकांची ऐपत कशी, हे सगळं हिशेबात धरूनही निष्कर्ष टिकला: गाव आणि समुद्र यांच्यामध्ये कांदळवनाचा पट्टा जितका रुंद, तितके मृत्यू कमी. 2009 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातलंच दुसरं वाक्य मला जास्त मोलाचं वाटतं. सरकारनं वेळेवर दिलेल्या इशाऱ्यानं झाडांपेक्षा जास्त जीव वाचवले, असंही त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. झाडाला देव करायची घाई त्यांनी केली नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर अशी घाई झाली होती. झाडांमागची गावं वाचली असं छापून आलं, मग इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्यातली बरीच गावं मुळातच समुद्रापासून लांब आणि उंचावर होती.

त्याच 1999 च्या वादळानंतर भितरकनिकाजवळच्या तीन गावांची तुलना झाली. एकाला कांदळवनाचा आडोसा होता, एकाला मातीचा बांध होता, एकाला दोन्ही नव्हतं. घरटी नुकसान सर्वांत जास्त झालं ते बांध असलेल्या गावात. बांध फुटला, खारं पाणी आत आलं आणि त्याच बांधानं ते अडवून धरलं. कोकणात खारबंदिस्तीला, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला, उघाडी (पाणी सोडायचं दार) ठेवतात ती आत साठलेलं पाणी ओहोटीला बाहेर जावं म्हणूनच. ती उघाडी बिघडली की तिथंही असंच होतं. बांध नकोच असं मी म्हणणार नाही, पण पुढ्यात झाडी असेल तर लाटा बांधावर थेट आदळत नाहीत आणि तो कमी खर्चात जास्त टिकतो.

आता सोलापूरच्या पुराकडे येऊ. 13 ऑक्टोबर 2020 रोजी बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा तीव्र पट्टा काकीनाडाजवळ जमिनीवर आला. काकीनाडाच्या दक्षिणेला, गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचं मोठं कांदळवन आहे. तो पट्टा ते ओलांडून हैदराबादला बुडवून थेट आपल्यावर आला आणि भीमेनं पंढरपुरात पाणी घातलं. कोरिंगाची झाडं त्या पावसाचं काही करू शकली नाहीत, करूही शकत नव्हती. पावसाचा पूर आणि समुद्राचा पूर यांची औषधं वेगळी. 2025 च्या सप्टेंबरात सीनेनं माढा, मोहोळकडची गावं पाण्यात घातली, तोही पावसाचा आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याचा पूर. त्याच्यावर उतारा शोधायचा तर पूररेषेच्या आतली बांधकामं, बुजवलेले ओढे आणि नदीकाठची तोडलेली झाडी यांच्याकडे बघावं लागेल. तो स्वतंत्र विषय आहे.

खालच्या कांदळवनाशी आपलं नातं आहे ते गाळाचं. समुद्राची पातळी आज जगभरात सरासरी वर्षाला 4 मिलिमीटरच्या आसपास वाढते आहे. कांदळवन तिच्याबरोबर स्वतःची जमीन उंचावत जाऊ शकतं, पण पातळी वर्षाला 6-7 मिलिमीटरच्या पुढे वाढू लागली तर ते मागे पडतं, असा जुन्या गाळथरांचा पुरावा आहे. ही शर्यत गाळावर चालते आणि कृष्णेचा गाळ बहुतांश वरच अडला आहे. भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, 117 टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). भीमेचा बराचसा गाळ तिथंच बसतो. त्यातून सुटलेला जुराळा, श्रीशैलम आणि नागार्जुनसागरात थांबतो. वाळूचं तर बोलायलाच नको. ती ब्रासनं मोजून हायवातून शहरांकडे जाते. परिणामी जगातल्या खचत चाललेल्या त्रिभुज प्रदेशांच्या यादीत कृष्णेचं नाव आहे.

तिकडे माणसं हात बांधून बसलेली नाहीत. 1990 च्या दशकात कोळंबीच्या तळ्यांसाठी बरंच कांदळवन तोडलं गेलं होतं. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान आणि आंध्रच्या वनखात्यानं उजाड पट्ट्यांत मुख्य चर आणि त्याला तिरके फुटलेले उपचर खोदून भरतीचं पाणी पुन्हा आत खेळवलं. जमिनीतला जास्तीचा खार धुतला गेला आणि झाडं धरली. पाणी खेळत नसलेल्या जागी नुसती रोपं लावून फारसं काही होत नाही, हा तिथला अनुभव. पण चरातून भरती आणता येते, दख्खनचा गाळ आणता येत नाही.

चीनमध्ये पिवळ्या नदीवरच्या श्याओलांगदी धरणातून 2002 पासून ठरावीक दिवशी मुद्दाम जोरदार पाणी सोडून गाळ समुद्राकडे ढकलला जातो. आपल्याकडे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना आहे, त्यात गाळ शेतात जातो, आणि शेतकऱ्यानं तो का सोडावा? कृष्णेच्या लवादानं राज्यांना पाणी वाटून दिलं, गाळाचा हिस्सा कुणाला काढून दिला नाही. श्याओलांगदीचा प्रयोग इथं करायचा तर आधी पाणी मागावं लागेल. 2021 मध्ये उजनीचं 5 टीएमसी पाणी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला द्यायचं ठरलं तेव्हा सोलापुरात एवढं आंदोलन पेटलं की सरकारनं तो निर्णय मागे घेतला. हंसलदीवीच्या तिवरांसाठी पाणी सोडा म्हणणाऱ्याला इथं सभेत बोलू तरी देतील का, याची मला शंका आहे.