वैयक्तिक सपोर्ट नेटवर्क

एखादं ध्येय गाठायला मदत होईल अशी माणसं ठरवून आपल्याभोवती जमवणं, त्यालाच वैयक्तिक सपोर्ट नेटवर्क म्हणतात. घरचे, मित्र, ऑफिसातले सहकारी, मेंटॉर, अगदी नुसती तोंडओळख असलेले लोकही यात येतात. मित्रांचा ग्रुप आपोआप जमतो, पण हे जमवताना कोणाला काय जमतं ते बघावं लागतं, मग ध्येय परीक्षेचं असो, दारू सोडायचं असो नाहीतर स्वतःचा धंदा काढायचं.

जेम्स हाउस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये आधाराचे चार प्रकार सांगितले, अभ्यासक आजही तेच वापरतात. माया आणि धीर देणं, प्रत्यक्ष हातभार लावणं (पैसे, वेळ, पोरं सांभाळणं वगैरे), माहिती किंवा सल्ला देणं, आणि चौथा म्हणजे आपण कुठवर आलोय, बरं चाललंय की नाही, याचा अंदाज यावा असा फीडबॅक. गडबड बहुतेक या चौथ्यातच होते, कारण जवळची माणसं आपल्याला वाईट वाटू नये म्हणून सगळं छानच म्हणतात. आणि चारही गोष्टी एकाच माणसाकडून, म्हणजे बहुतेक वेळा नवरा किंवा बायकोकडून, मागितल्या की तो माणूस थकतो आणि नातंही ताणलं जातं.

लांबच्या ओळखी लोक उगाच कमी लेखतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या लेखात मांडलं की जवळच्या मित्रांना साधारण तेच माहीत असतं जे आपल्याला असतं, नवीन बातमी येते ती कधीतरी भेटणाऱ्यांकडून, म्हणून नोकरी शोधताना अशा ओळखी जास्त कामाला येतात. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइन या नोकरी-धंद्याच्या ओळखी जोडणाऱ्या वेबसाइटवरच्या सुमारे २ कोटी लोकांवरच्या प्रयोगातही असंच दिसलं, फक्त अगदीच पुसट ओळखीपेक्षा मधल्या ओळखी जास्त उपयोगी ठरल्या.

एकाच ध्येयाची माणसं एकत्र येणं हा यातला जुना आणि दमदार प्रकार. बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ मध्ये फिलाडेल्फियात एकमेकांची प्रगती व्हावी म्हणून जंटो नावाचं मंडळ काढलं होतं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ऍक्रन शहरात अल्कोहोलिक्स ऍनॉनिमस हे दारू सोडू पाहणाऱ्यांचं मंडळ सुरू झालं ते दोन दारुड्यांच्या भेटीतून, तिथे नव्या माणसाला जुना सदस्य स्पॉन्सर म्हणून मिळतो, रात्री-अपरात्री तलप आली तर फोन त्यालाच करायचा, आणि मजा म्हणजे दुसऱ्याला सांभाळताना स्पॉन्सरचं स्वतःचं दारूपासून लांब राहणंही टिकतं असा त्यांचा अनुभव आहे.

पण ध्येय सगळ्यांना सांगत सुटणं म्हणजे नेटवर्क नव्हे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगांत, मला अमुक व्हायचंय हा इरादा दुसऱ्याच्या कानावर गेला की लोकांची मेहनत उलट कमी झाली, जणू बोलूनच अर्धं काम झालं. त्यापेक्षा एकदोघांना गाठून दर आठवड्याला काय झालं ते विचारायला सांगितलेलं बरं.

मदत करणाऱ्यानेही जरा जपून करावी लागते. मानसशास्त्रज्ञ नायल बोल्जर यांच्या २००० मधल्या अभ्यासात वकिलीच्या परीक्षेची तयारी करणारे आणि त्यांचे जोडीदार रोज डायरी लिहीत होते. जोडीदाराने केलेली मदत परीक्षार्थीच्या लक्षातही आली नाही तेव्हा ती जास्त लागू पडली, आणि लक्षात आली की कधीकधी मन उलट खट्टू व्हायचं, आपल्याला एकट्याला झेपत नाहीये असं वाटून बहुधा.